कुरणात गुरं सोडण्याआधी: चराई, गवत आणि माती याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुरण बिघडत चाललंय हे सगळ्यात आधी कशावरून कळतं?

जमिनीवरून. गुरांवरून नाही, आणि इथेच बऱ्याच जणांची फसगत होते. गुरं धष्टपुष्ट दिसतायत, दूध नीट आहे, म्हणजे कुरण ठीक असणार असं आपण धरून चालतो, पण जनावर वेचून खातं, चांगलं गवत संपत आलं तरी शोधून शोधून पोट भरतं, त्यामुळे त्याच्या बरगड्या दिसायला लागेपर्यंत जमिनीचं नुकसान कधीच होऊन गेलेलं असतं. म्हणून कुरणात गेलात की आधी खाली बघा. गवताचे ठोंब छोट्या चौथऱ्यावर बसल्यासारखे दिसतायत का? ठोंब वर आलेला नाही, त्याच्या आजूबाजूची माती वाहून गेलीय. दोन ठोंबांच्या मधल्या जागेत बारीक खडी उघडी पडलीय का, पाऊस झाल्यावर गवताच्या बुडाला आणि दगडांना मातीचे शिंतोडे उडालेत का, पाचोळा पाण्याबरोबर घसरत जाऊन आडव्या रेघांत साचलाय का? यातलं एक जरी दिसलं तरी पाणी मुरायच्या ऐवजी पळतंय असं समजा.

उघडी जमीन किती असली तर चालते?

आधी मोजा तरी. सोपी पद्धत आहे, बुटाच्या पुढच्या टोकावर एक खूण करा, सरळ रेषेत शंभर पावलं चाला आणि प्रत्येक पावलाला त्या खुणेखाली नेमकं काय आलं ते लिहा: जिवंत गवताचं बूड, पाचोळा, दगड की नागडी माती. शंभरात चाळीस वेळा नागडी माती आली तर ४० टक्के जमीन उघडी, झालं. झाकण निम्म्याच्या खाली गेलं की वाहून जाणारं पाणी आणि माती एकदम वाढते, म्हणून उतारावर मी तरी ७० टक्क्यांच्या खाली जाऊ देणार नाही. झाकण म्हणजे फक्त हिरवं गवत नाही, पडलेली काडी, वाळका पाला सगळं धरायचं, कारण पावसाचा थेंब मातीवर थेट आपटू नये एवढंच त्याचं काम आहे. थेंब थेट आपटला की मातीचे कण सुटतात, भोकं बुजवतात आणि वर एक कडक पापुद्रा तयार होतो ज्यातून पाणीही शिरत नाही आणि बीही वर येत नाही.

फार कोरड्या भागात एक मात्र लक्षात ठेवा, ठोंबांच्या मधे काळपट, खरखरीत थर दिसला तर तो नागड्या मातीत मोजू नका. तो शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जीवांचा जिवंत थर असतो, माती बांधून धरतो, आणि कोरडा असताना खुरांखाली तुटला की पुन्हा धरायला त्याला वर्षानुवर्षं लागतात.

माझ्या कुरणात किती जनावरं बसतील?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर कुणीही फोनवर देऊ शकत नाही, गवत कापून तोलावंच लागतं. एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा, काठीची, पाइपची, कशाचीही. वाढीचा हंगाम संपत आला की कुरणात फिरा आणि चौकट डोळे झाकून फेका, म्हणजे आपण नकळत चांगली जागा निवडत नाही. जिथे पडेल तिथलं गुरं खातात ते सगळं गवत जमिनीलगत कापा, पिशवीत भरा, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा आणि तोला. असं कमीत कमी दहा ठिकाणी करा, कुरण जिथे बदलतं तिथे आणखी. सरासरी १२० ग्रॅम आली असं समजू, तर त्याला दहाने गुणलं की हेक्टरी १२०० किलो वाळलेला चारा.

आता ते सगळं गुरांचं नाही. कोरड्या रानात त्यातलं ३५ टक्के धरा, म्हणजे ४२० किलो. बाकीचं खुरांखाली जातं, किडे खातात, आणि मोठा भाग मातीचा असतो. गाय रोज आपल्या वजनाच्या दोन ते तीन टक्के वाळला चारा खाते, ४०० किलोची गाय अडीच टक्क्याने १० किलो. म्हणजे त्या एका हेक्टरात एक गाय ४२ दिवस. पुढचं हिरवं गवत यायला २०० दिवस असतील तर तिला २००० किलो लागणार, म्हणजे पावणेपाच-पाच हेक्टर. एका गाईला! ऐकून बरेच जण दचकतात, पण आकडा हाच आहे, आणि हेक्टरी दोन-तीन गाई बसवल्या की बाकीचा चारा कुठून येतो? मुळांच्या साठ्यातून येतो, पुढच्या वर्षीच्या गवतातून येतो. ३५ किलोची मेंढी धरली तर तिला रोज एक किलोच्या आसपास लागतं, त्यावरून तुमच्या कळपाचा हिशोब काढा.

आणि हा हिशोब दर वर्षी करायचा, कारण कोरड्या भागात एका वर्षीचं गवत दुसऱ्या वर्षीच्या निम्मंही नसू शकतं.

"निम्मं खाऊ दे, निम्मं राहू दे" असं म्हणतात, त्यात तथ्य आहे का?

आहे, आणि ते मुळांत आहे. अमेरिकेत फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ साली एक काम छापलं, त्यांनी गवताचा पाला वेगवेगळ्या प्रमाणात कापून मुळांची वाढ किती थांबते ते बघितलं. ४० टक्के पाला काढला तर मुळं वाढतच राहिली, ५० टक्क्यांला जेमतेम दोन-चार टक्के मुळं थांबली. पण ६० टक्के काढला की निम्म्या मुळांची वाढ थांबली, ७० ला तीन चतुर्थांशाहून जास्त, आणि ८० टक्क्यांला सगळीच्या सगळी, तीही बारा दिवस. म्हणजे ५० आणि ७० मधे वर बघताना चार बोटांचा फरक दिसतो पण जमिनीखाली सगळा खेळ बदलतो.

हे स्वतः बघायचं असेल तर फावड्याने दोन ठोंब काढा, एक कुंपणाच्या आतला जिथे गुरं पोचत नाहीत, एक बाहेरचा सतत खाल्लेला. माती हळू पाण्यात सोडवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. आतल्याची मुळं दाट, लांब, हाताला ओढावी लागतात इतकी माती धरून बसलेली, आणि बाहेरच्याची आखूड, विरळ, त्यातली बरीच काळी पडून मेलेली. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा बराच वेळ त्या दोन ठोंबांकडे बघत बसले होते, तेव्हापासून मला गवताची उंची मोजताना खालचीच लांबी डोळ्यासमोर येते.

हे निम्मं वजनाने आहे हां, उंचीने नाही. गवताचं वजन बुडाकडे जास्त असतं, त्यामुळे निम्मी उंची खाल्ली तर वजन निम्म्याहून कमी गेलेलं असतं. आणि कोरड्या रानात निम्मंसुद्धा जास्त होतं, म्हणून वर मी ३५ धरलं.

फिरती चराई करायची तर किती दिवसांनी कप्पा बदलायचा?

फिरती चराई म्हणजे कुंपण घालून कुरणाचे कप्पे पाडायचे आणि गुरं एकातून दुसऱ्यात नेत राहायची. पण प्रश्न उलटा विचारा: खाल्लेल्या कप्प्यात गुरं परत किती दिवसांनी आणायची? फ्रान्सचे आंद्रे व्हॉइझँ यांनी १९५० च्या दशकात हेच मांडलं की अतिचराई ठरते ती जनावरांच्या संख्येपेक्षा वेळेवर, एकाच रोपाला पुन्हा पुन्हा, सावरायच्या आधी, तोंड लागतं की नाही यावर. गवत खाल्लं की दोन-चार दिवसांत कोवळा फुटवा येतो, तो बुडात साठवलेल्या अन्नावर आलेला असतो, जनावराला तोच सगळ्यात गोड लागतो, आणि तो खाल्ला गेला की साठा दुसऱ्यांदा मोडतो. म्हणून कप्प्यात मुक्काम छोटा ठेवायचा, भर वाढीत तीन ते पाच दिवस, आणि विश्रांती मोठी.

किती मोठी? ओल चांगली असेल आणि गवत जोरात वाढत असेल तर तीस-चाळीस दिवसांत ते सावरतं, ओल कमी पडली की साठ-नव्वद, आणि अर्धकोरड्या भागात कधी कधी पूर्ण हंगाम लागतो. कॅलेंडरवर जाऊ नका, रोपाकडे बघा. आधी खाल्लेल्या पानांची बोथट टोकं खाली राहून त्यावर अणकुचीदार, पूर्ण उघडलेली नवी पानं आली का? तर सावरलं. गवत हळू वाढत असताना गुरं हळू फिरवायची आणि जोरात वाढताना भराभर. बरेच जण नेमकं उलटं करतात, कोरड पडली की घाईघाईने कप्पे बदलतात आणि सगळ्याच कप्प्यांची विश्रांती तोडतात.

मग फिरती चराई केली की जास्त जनावरं ठेवता येतात ना?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं कारण कुंपणावर खर्च करून नंतर निराश झालेली माणसं मी बघितलीयत. २००८ साली डेव्हिड ब्रिस्क आणि सहकाऱ्यांनी तोपर्यंतच्या प्रयोगांचा आढावा घेतला, तर जनावरांची संख्या सारखी ठेवल्यावर फिरत्या चराईने गवत किंवा वजनवाढ ठळकपणे जास्त मिळते असं दिसलं नाही. संख्या आधी येते. कप्पे करून तुमच्या हातात येतं ते नियंत्रण, कुठल्या भागाला कधी आराम द्यायचा हे ठरवता येतं, आवडीचं गवत तेवढंच संपवणं कमी करता येतं, रोज गुरं नजरेखालून जातात. हे मोलाचं आहेच, पण संख्या चुकली असेल तर कप्पे ती चूक झाकत नाहीत.

खुरांनी जमीन उकरली की पाणी जास्त मुरतं असं ऐकलंय.

झिम्बाब्वेचे अ‍ॅलन सेव्हरी हे सांगतात, २०१३ च्या त्यांच्या भाषणानंतर ते जगभर पसरलं. वाळकं गवत खुरांखाली मोडून जमिनीवर पडतं आणि झाकण होतं, एवढं खरं. पण खुरांनी पाणी मुरणं वाढतं हे मोजमापात टिकत नाही, उलट गर्दीची तुडवणी माती दाबते आणि पाणी कमी मुरतं. ओल्या चिकण मातीत तर हमखास. माती मुठीत दाबल्यावर गोळा होऊन बोटाला चिकटत असेल तर त्या दिवशी गुरं आत नेऊ नका.

पाणी किती मुरतं हे घरी तपासता येतं. १५ सेंटीमीटर व्यासाचा पाइपचा तुकडा जमिनीत थोडा ठोका, त्यात ४४० मिली पाणी ओता, म्हणजे साधारण २५ मिलिमीटर पाऊस झाला, आणि घड्याळ लावा. एकदा गवताच्या ठोंबालगत करा आणि एकदा गुरांच्या वाटेवर, दोन्हीतला फरक बघितल्यावर वेगळं समजवावं लागत नाही.

पहिल्या पावसानंतर हिरवं दिसलं की सोडायचं का?

थांबा. तो हिरवेपणा सगळा उसन्या अन्नावरचा असतो, आणि त्यात पाणीच जास्त, गुरांचं दिवसभर चालून पोट भरत नाही. पानं तीन-चार आली, गवत टाचेच्या वर गेलं की मग. या दोन-तीन आठवड्यांसाठी आदल्या हंगामाचा चारा राखून ठेवायचा, माझ्या मते वर्षातला सगळ्यात कामाचा चारा हाच. शक्य असेल तर दर वर्षी सुरुवात वेगळ्या कप्प्यापासून करा, नाहीतर पहिल्या कप्प्याला दर वर्षी तोच मार बसतो. आणि एक कप्पा आळीपाळीने बी पडेपर्यंत बंद ठेवा.

वाळलेलं गवत पूर्ण खाऊ दिलं तर? ते तर मेलेलंच आहे.

मेलेलं नाही, झोपलेलं आहे. वाळल्यावर खाल्लं तर रोपाला त्रास कमी होतो हे बरोबर, पण मुळापर्यंत साफ केलं तर पहिला जोराचा पाऊस नागड्या मातीवर पडणार. चार बोटं बुडखा राहू द्या. आणि वाळलेल्या गवतात प्रथिनं फार कमी असतात, पोटातले जिवाणू उपाशी राहिले की चारा समोर असूनही जनावर खात नाही, त्यामुळे थोडी पेंड किंवा शेंगवर्गीय पाला दिलात तर तेच वाळकं गवत जास्त खाल्लं आणि पचवलं जातं.

गाई, मेंढ्या, शेळ्या एकत्र चालतात का?

चालतात, चांगलं चालतात, कारण प्रत्येकाचं तोंड वेगळं. गाय जिभेने गवत गुंडाळून तोडते, त्यामुळे फार आखूड तिला धरता येत नाही. मेंढीचं तोंड अरुंद, ती जमिनीलगत कुरतडते आणि रुंद पानांच्या वनस्पती आवडीने खाते. शेळी वर बघते, झुडुपांचा पाला, शेंगा, कोवळे शेंडे. शेळीला उगाच रान उद्ध्वस्त करणारी म्हणतात, पण बहुतेक वेळा ती शेवटी उरते, बाकीच्यांनी संपवून झाल्यावर, आणि दोष तिच्या माथी येतो. फक्त एकूण चाऱ्याचा हिशोब सगळ्यांचा मिळून करा.

पाण्याच्या जागेजवळ सगळं उजाड आणि लांब गवत तसंच पडून, काय करू?

हे जगात सगळीकडे होतं. ऑस्ट्रेलियात १९६९ साली लँग यांनी पाण्याभोवतीच्या अशा वर्तुळाला पिओस्फिअर असं नावही दिलं. साधा ठोकताळा असा की पाण्यापासून दीड-एक किलोमीटरपर्यंत गुरं नीट चरतात, तीनपर्यंत निम्मी, त्यापुढचं गवत हिशोबात धरूच नका, आणि तीव्र उतारावरचंही कापून धरा. उपाय म्हणजे पाणी हलवणं, एक मोठी टाकी करण्यापेक्षा दोन-तीन छोट्या जागा, ज्या आळीपाळीने बंद करता येतील. मिठाचा खडा कधीही पाण्याजवळ ठेवू नका, न चरलेल्या बाजूला लांब ठेवा, गुरं तिकडे आपोआप जातात. सावलीचंही तसंच.

शेण गोळा करावं की पडू द्यावं?

पडू द्या. जनावर जे नायट्रोजन खातं त्यातलं तीन चतुर्थांशाच्या आसपास शेण-मुतातून परत जातं, अडचण एवढीच की ते सावलीखाली, पाण्याजवळ आणि रात्रीच्या बसायच्या जागेवर ढिगाने पडतं आणि कुरण रिकामं राहतं. रात्रीची जागा बदलत ठेवा.

आणि शेणकिडे जपा! ताजं शेण उलटून बघा, खाली बोटाएवढी भोकं आणि त्यात गोळा ढकलणारा काळा किडा दिसला तर तुमची माती नशीबवान. तो शेण खाली नेतो, हवा-पाण्याला वाट करतो, माश्या कमी करतो. ऑस्ट्रेलियात गाई बाहेरून आल्या पण त्यांचं शेण हाताळणारे किडे तिथे नव्हते, शेण वाळून कुरण झाकायला लागलं, शेवटी १९६० च्या दशकापासून बाहेरून किडे आणून सोडावे लागले. आयव्हरमेक्टिनसारखी जंताची औषधं शेणातून बाहेर पडतात आणि त्यातल्या अळ्या मारतात, म्हणून सरसकट डोस देऊ नका, गरज असलेल्या जनावरालाच, जनावरांच्या डॉक्टरला विचारून.

झुडुपं वाढत चाललीयत. तोडली की दुप्पट फुटतात.

वेडी बाभूळ असेल तर फुटणारच, कारण डोळे जमिनीखालच्या गाठीवर असतात, वरून तोडलं म्हणजे तिला छाटणी दिल्यासारखं होतं. ती गाठ खणून काढायला हवी, म्हणून रोप लहान असताना, माती ओली असताना काढणं सगळ्यात स्वस्त. गुरं तिच्या गोड शेंगा खातात आणि बी पोटातून जाऊन शेणात मस्त उगवतं, म्हणून शेंगा खाल्लेला कळप स्वच्छ कुरणात नेण्याआधी आठवडाभर बांधून ठेवा. घाणेरी गुरांना विषारी आहे, भुकेलं किंवा नवीन आणलेलं जनावर तिच्यात सोडू नका. पण दिसलं झुडुप की उपट असं करू नका, विखुरलेल्या झाडांची सावली आणि पाला कुरणाला लागतोच.

दर वर्षी जाळलं की चांगलं हिरवं येतं, मग जाळायला काय हरकत?

हिरवं लवकर दिसतं कारण वाळकं झाकण गेलं आणि ऊन बुडाला लागलं. गवतातला बराचसा नायट्रोजन मात्र धुरातून गेला, आणि माती पावसाआधी उघडी पडली. आगीबरोबरच घडलेली काही गवताळ रानं आहेत, तिथे काही वर्षांतून एकदा, नियम पाळून, झुडुपं आवरायला जाळणं हे काम म्हणून केलं जातं. दर वर्षी सवयीने जाळणं वेगळं. आणि जाळल्यावर लगेच गुरं सोडली तर गवताला दोन मार एकदम बसतात.

युरिया टाकला तर?

कोरड्या रानात पैसे वाया. तिथे कमतरता बहुधा ओलीची असते, आणि खताने आधी तण उठतं.

नवीन बी पेरायचंय, कुठलं आणि कसं?

आधी बघा गरज आहे का. दर पाच-सहा पावलांवर चांगल्या गवताचा एखादा जिवंत ठोंब सापडत असेल तर दोन हंगाम विश्रांती द्या, तो स्वतः बी टाकेल. पेरायचंच असेल तर आजूबाजूला जिवंत असलेलं गवत निवडा, मारवेल, पवन्या, अंजन, जे तुमच्या मातीत टिकतं ते. अंजन गवत काही देशांत वरदान ठरलं, तर अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटात आणि ऑस्ट्रेलियात तेच परकं गवत वणवे वाढवणारं संकट झालं, तेव्हा बाहेरून आणताना विचार करा. ताजं बी बऱ्याचदा लगेच उगवत नाही, काही महिने ठेवावं लागतं. बी बारीक आणि केसाळ असतं, हातातून नीट सुटत नाही, म्हणून ओलसर बारीक माती आणि थोड्या शेणात घोळवून गोळ्या करा, ओरखड्यांत टाका आणि जेमतेम एक सेंटीमीटर माती पडू द्या. खोल गेलं की संपलं. सोबत स्टायलोसारखं शेंगवर्गीय टाकलं तर नायट्रोजन घरचाच मिळतो. आणि पहिला हंगाम एकही जनावर आत नाही. रोप ओढून बघा, उपटून हातात आलं तर अजून वेळ आहे.

ओघळ पडलीय, दगड टाकून बुजवू का?

आधी ओघळीच्या वर जा. पाणी कुठून जमा होऊन येतंय ते शोधा, बहुतेक वेळा गुरांची सरळ उताराची वाट असते. ती वाट बंद करून आडवी वळवा, ओघळीच्या माथ्याला झाडोऱ्याचा भारा आणि दगड बसवा आणि मग खाली टप्प्याटप्प्याने छोटे दगडी बांध घाला. बांध मधे खोलगट आणि कडेला उंच हवा, नाहीतर पाणी बाजूने नवीन ओघळ पाडतं. वरच्या बाजूला गवत धरलं नाही तर बांध गाळाने भरून जातील आणि काम पुन्हा पहिल्यापासून.

पाऊस लांबला तर कळप कधी कमी करायचा?

तारीख आधी ठरवा, संकट यायच्या आधी, डोकं शांत असताना. "हंगामाच्या निम्म्यापर्यंत नेहमीच्या निम्मा पाऊस नसेल तर इतकी जनावरं विकायची," असं लिहून ठेवा आणि आधी कुठली विकायची तेही लिहा. मला कळतं की हे सोपं नाही, घरात वाढलेलं जनावर असतं. पण वाट बघत बसलं की तेच जनावर हाडकुळं होऊन मातीमोल जातं आणि कुरणही जातं. अगदीच वेळ आली तर सगळ्या कुरणाचा नाश करण्यापेक्षा एक छोटा कप्पा त्याग म्हणून धरा, गुरं तिथेच ठेवून विकतचा चारा घाला.

कुरण सामाईक आहे, मी एकट्याने कमी करून काय उपयोग?

एकट्याने फारसा नाही. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक कुरणाचंच उदाहरण घेऊन म्हटलं होतं की प्रत्येक जण एक जनावर वाढवणार आणि शेवटी सगळ्यांचं बुडणार. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातल्या अशा जागा अभ्यासून दाखवलं की लोकांनी स्वतः नियम केले, हद्द ठरवली, राखण ठेवली आणि मोडणाऱ्याला आधी हलका आणि मग वाढता दंड ठेवला तर सामाईक साधनं पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. सुरुवात छोट्या गोष्टीने करा, सगळ्यांनी मिळून एक तुकडा एक हंगाम बंद. शेजारच्या खाल्लेल्या तुकड्याशी तुलना करून लोक स्वतःच बोलायला लागतात.

कायमचं बंद केलं तर आपोआप सुधारेल ना?

कधी हो, कधी नाही. पूर्वी समजूत होती की दाब काढला की कुरण पायरी पायरीने मूळ जागी येतं. १९८९ साली वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेअर यांनी मांडलं की कोरड्या रानात असे उंबरे असतात जे ओलांडले की परतीची वाट आपोआप उघडत नाही: वरची माती गेली, बी संपलं, झुडुपांनी जागा धरली, मग नुसतं कुंपण घालून बसून चालत नाही, खणणं, पेरणं, काढणं हे करावंच लागतं. आणि उलट, दमट भागात वर्षानुवर्षं काहीच चरलं नाही तर जुनं वाळकं गवत साचून नवे फुटवे दाबले जातात. म्हणून उंबऱ्याच्या अलीकडे असताना केलेली एका हंगामाची विश्रांती नंतरच्या दहा वर्षांच्या मेहनतीला भारी पडते.

नोंदी काय ठेवायच्या? लिहायचा कंटाळा येतो.

तीन गोष्टी पुरेत. कुठल्या कप्प्यात किती जनावरं कधी गेली, कधी निघाली, आणि पाऊस किती पडला. सोबत फोटो. चार-पाच ठिकाणी लोखंडी खुंटी ठोका, दर वर्षी त्याच महिन्यात तिथे उभं राहून त्याच दिशेला एक लांबचा आणि पायाखालच्या एक मीटर जागेचा एक सरळ वरून असा फोटो घ्या, तारीख लिहून. आठवण दगा देते, गेल्या वर्षी गवत जास्त होतं की पाच वर्षांपूर्वी यावर घरात वाद होतो, पायाखालचा तो फोटो काढला की माती किती दिसतेय ते बोट ठेवून दाखवता येतं.